पक्षी आणि आपण, मधे हवा

नदी सुरय पाण्यावर झेपावतो तिथे गेल्या आठवड्यात थांबलो होतो आणि आज उडत्या पक्ष्यांचे फोटो घ्यायचे ठरले होते. तो विषय एक आठवडा पुढे ढकलतो आहे. कारण आहे अरेरा कॉलनीतल्या एका ताईंचं पत्र. त्यांनी दिवाळीत 150-600 ची लेन्स घेतली. जानेवारीत बिसनखेडीला जाऊन सारसाच्या जोडीचे भरपूर फोटो काढले. ट्रायपॉड होता, शटर 1/2000 होतं, स्टॅबिलायझर चालू ठेवून पाहिला, बंद करून पाहिला. एकही फोटो लख्ख नाही. पिसांच्या जागी नुसता राखाडी लेप. याच लेन्समधून गच्चीवरच्या बुलबुलाचं मात्र पीस न् पीस मोजता येतं. ‘लेन्स सदोष आहे का? विकून मोठी प्राइम घेऊ का?’ असं त्या विचारतात.

विकू नका, ताई. लेन्स उत्तम आहे. सोबत पाठवलेल्या फोटोंवर वेळ छापलेली आहे, सकाळी अकरा ते दुपारी एक. उत्तर तिथेच आहे. पण ते नीट सांगायला अख्खा लेख लागेल, आणि हा माझा फार आवडता विषय आहे.

आधी थोडा हिशेब करू. एपीएस-सी कॅमेऱ्यावर 600 मिलिमीटरला बुलबुल फ्रेमच्या उंचीच्या चाळीस टक्के भरायचा असेल, तर तो साधारण 19 मीटरवर हवा. सारस माणसाएवढा उंच. तो तेवढीच फ्रेम दीडशे मीटरवरूनही भरतो. व्ह्यूफाइंडरमध्ये दोघं सारखेच मोठे दिसतात, म्हणून दोघं सारखेच जवळ आहेत असं वाटतं. लहान पक्षी लांब असला की तो ठिपक्याएवढा दिसतो आणि आपण आपसूक सावध होतो. सारस तशी सूचना देत नाही. लेन्सने पक्षी मोठा केला, जवळ आणला नाही. मधली दीडशे मीटर हवा जिथल्या तिथेच राहिली, आणि लेन्सने तीही पक्ष्याइतकीच मोठी केली.

ही हवा काय करते? गरम पाण्यात साखर टाकली की विरघळताना ज्या नागमोडी रेघा उठतात, तशाच रेघा तापलेल्या जमिनीवरच्या हवेत सतत उठत असतात. गरम हवा विरळ, थंड हवा दाट. एकीतून दुसरीत जाताना प्रकाश किंचित वळतो. एका अंश सेल्सिअसच्या फरकाने हवेचा अपवर्तनांक दहा लाखांत सुमारे एक एवढाच बदलतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण 24 मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर 600 मिलिमीटरला शंभर मीटरवरचा एक पिक्सेल म्हणजे पक्ष्याच्या अंगावरचा पाऊण मिलिमीटरहूनही कमी भाग. वाटेत शेकडो ठिकाणी थोडं थोडं वळत आलेल्या प्रकाशाला एवढं सरकायला कितीसा वेळ लागणार? पिसावरची रेघ शेजारच्या पिक्सेलवर पडली की लेप तयार.

भोपाळच्या हिवाळ्यात हे विशेष जाणवतं, कारण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-अकरा अंशांवर असतो आणि दुपारी पंचवीसच्या आसपास जातो. बिसनखेडीच्या काठची काळी माती ऊन पडलं की झपाट्याने तापते, वरची हवा अजून गारच असते. थंडी आहे म्हणजे हवा शांत असणार, हा समज सोडून द्या. लख्ख निळं आकाश आणि कोवळं ऊन असलेली जानेवारीतली सकाळ दहानंतर या बाबतीत मे महिन्याच्या दुपारइतकी छळू शकते. बड्या तलावावर तर पहाटे उलटा प्रकार असतो. पाणी हवेपेक्षा उबदार, म्हणून त्यावरून वाफा उठतात. त्या डोळ्यांना सुंदर दिसतात, पण त्यांच्यातून पलीकडचे चक्रवाक टिपायचे तर निराशा ठरलेली. वाफा विरल्यावर आणि जमीन तापण्याआधी जो तास-दीड तास मिळतो, तो आपला. ढगाळ दिवसही आपला. उजेड कमी असतो खरा, पण आयएसओ वाढवून येणारे कण परवडतात, थरथरती हवा परवडत नाही. धुरकटपणा संगणकावर बराचसा निवळता येतो. हवेने मोडलेली रेघ मात्र परत जुळत नाही.

म्हणून ताईंच्या ट्रायपॉडचा आणि शटरचा उपयोग झाला नाही. ते हाताच्या थरथरीवर औषध आहे. शटर 1/4000 केलं तर वाकडीतिकडी रेघ वाकडीतिकडीच गोठते. 1.4 चा टेलिकन्व्हर्टर लावला तर हीच पडझड आणखी मोठी दिसते. ऑटोफोकससुद्धा हेलकावणाऱ्या कडेवर कुठे थांबावं ते न कळून मागेपुढे करत राहतो.

फोटो कशामुळे बिघडला हे ओळखायला फोटोच पुरतो. तो पूर्ण मोठा करून पाहा. सगळं एकाच दिशेला ओढलं गेलं असेल तर कॅमेरा हलला. फांदी स्पष्ट आणि पक्षी पुसट, तर पक्षी हलला. पक्षी पुसट पण पुढचं किंवा मागचं गवत लख्ख, तर फोकस चुकला. आणि पक्षी, गवत, दगड सगळंच सारखं लिबलिबीत, कडा दुहेरी, कुठेच धार नाही, तर ती हवा. एका झपाट्यात काढलेल्या दहा-पंधरा फोटोंत मान दरवेळी किंचित वेगळी वाकलेली दिसली, तर शंकाच उरत नाही.

आकाश पाहणारे लोक याच हवेशी पिढ्यान्‌पिढ्या झगडत आले आहेत. तारे लुकलुकतात ते याच कारणाने. 1990 मध्ये हबल दुर्बीण वातावरणाच्या वर नेऊन ठेवली आणि लडाखमधल्या हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर वेधशाळा बांधली, त्यामागे हवेचा हा त्रास टाळणं हे एक मोठं कारण होतं. त्यांची एक युक्ती आपण उचलू शकतो. हवा क्षणभर स्थिर होते अशा फटी अधूनमधून येतात. ओळीने खूप फोटो काढून त्यांतला एखादाच ठेवायचा. थरथर मध्यम असेल तर चालतं. जोरात असेल तर पन्नासांतला एकही हाती लागत नाही.

इथे एक पेच आहे. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर या, जमिनीवर झोपा, असं मी या लेखमालेत वारंवार सांगितलं. ते जवळच्या पक्ष्यासाठी. शेकाट्या वीस मीटरवर असेल तर खुशाल पालथं पडा. पण तापलेली हवा जमिनीलगतच सगळ्यात जास्त खवळलेली असते. लांबच्या पक्ष्याकडे आडवं पडून पाहिलं की नजर नेमकी त्याच थरातून सरळ जाते. अशा वेळी उभे राहा, बांधावर चढा. वनविहारचा रस्ता मला यासाठी आवडतो. तो पाण्यापेक्षा थोडा वर आहे आणि सकाळी सूर्य पाठीशी असतो. फक्त डांबर तापायच्या आत जायला हवं, कारण लेन्सच्या तोंडाशी उठणारी गरम हवा पक्ष्याजवळच्या हवेपेक्षा जास्त नुकसान करते. गाडीच्या बॉनेटवरून फोटो काढू नका. उबदार गाडीतून काढलेली लेन्स लगेच वापरू नका, तिच्या हुडमध्येही गरम हवा कोंडलेली असते. थोडा वेळ बाहेर ठेवा.

ताईंनी घरी एक चाचणी करावी. वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवून पहाटे दहा-बारा मीटरवरून ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझर बंद आणि दोन सेकंदांचा टायमर लावून फोटो काढावा. बारीक टाइप वाचता आला तर लेन्सवर आळ नको. आणि काठावर पोहोचल्यावर आधी लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करून समोरचा एखादा खांब पाहायचा. खांब उकळत असेल तर कॅमेरा खाली ठेवून दुर्बिणीने सारस बघावा. ते बघणंही कमी सुखाचं नाही. महाराष्ट्रातल्या पक्षीमित्रांना त्यासाठी गोंदियाकडे जावं लागतं.

राहिला अंतर कमी करण्याचा मार्ग. खंड्या, टिटवी, कमळपक्षी यांच्यासाठी तो सरळ आहे. काठाला निश्चल बसा, ते स्वतः येतात. सारसाच्या बाबतीत मात्र तुम्ही त्याच्याकडे चालत जाऊ नका. त्याची वीण पावसाळ्यात होते, घरटं पाणथळीत किंवा पाणी भरलेल्या शेतात असतं आणि जात असुरक्षित गणली गेली आहे. जुलै ते ऑक्टोबर जोडी एकाच जागी घुटमळताना दिसली तर बांधावरूनच पाहा, फोटो पुसट आला तरी चालेल, आणि जागा कुणालाही सांगू नका.