जलशीतित संगणक का तापतो?

संगणकाच्या प्रक्रियकात खर्च होणारी जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत परिणत होते. तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत चढले, की अनेक प्रक्रियक आपला वेग आपणच कमी करतात. त्यानेही भागले नाही तर यंत्र बंद पडते.

जलशीतित यंत्रात प्रक्रियकावर तांब्याची पट्टी बसविलेली असते. पंप तिच्यावरून पाणी फिरवितो आणि पंख्यांच्या वाऱ्याने ते रेडिएटरमध्ये निवते. असे यंत्र तापू लागल्यास प्रथम घड्याळाकडे पाहावे. १५० वॅटच्या प्रक्रियकास १ लिटर पाणी १ अंशाने तापविण्यास सुमारे २८ सेकंद लागतात. यंत्रातील पाणी बहुधा याहून कमी असते. तरीही पाणीच तापत असेल, तर तापमान काही मिनिटे सावकाश चढते. तेव्हा दोष पंख्याचा अथवा रेडिएटरमध्ये साचलेल्या धुळीचा असतो. काम सुरू होताच ते क्षणार्धात सीमेला भिडले, तर मात्र धूळ झाडणे व्यर्थ होय. उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. पट्टीखालचा लेप वाळलेला असतो, स्क्रू सैल असतात, किंवा (हास्यास्पद वाटले तरी हे घडते) पट्टीवरील संरक्षक प्लॅस्टिकचा पापुद्रा काढावयाचाच राहिलेला असतो.

प्रक्रियक कढत व रेडिएटर गार असेल, तर पंपावर बोट ठेवून पाहावे. चालू पंपाची थरथर सहसा जाणवते. थरथरीबरोबर खळखळ ऐकू आल्यास आत हवा शिरलेली असण्याचा संभव असतो. हवा सर्वांत उंच जागी जमते. म्हणून रेडिएटरचा माथा पंपाहून उंच ठेवावा लागतो.