हाड, बिबट्या आणि तारकाशिशू

स्टॅनली कुब्रिक यांचा '२००१ : अ स्पेस ओडिसी' एप्रिल १९६८मध्ये पडद्यावर आला, तेव्हा माणूस चंद्रावर उतरायला अजून सव्वा वर्ष बाकी होतं. अंतराळावरचा हा चित्रपट सुरू होतो तो मात्र लाखो वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या रखरखीत माळावर. भुकेनं कासावीस झालेली वानरमानवांची एक टोळी. एका पहाटे त्यांच्यासमोर कुठूनशी आलेली काळी, गुळगुळीत शिळा उभी असते. ते घाबरत घाबरत तिला हात लावतात. मग त्यांच्यातला एक जण सांगाड्याजवळ बसलेला असताना मांडीचं हाड उचलतो, ते आपटून पाहतो आणि समोरच्या कवटीचा चुरा करतो. पुढे त्याच हाडानं जनावर मारलं जातं आणि पाणवठ्यावरच्या भांडणात शत्रूही. विजयाच्या भरात फेकलेलं हाड हवेत गिरक्या घेतं आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या जागी अंतराळात तरंगणारं यान दिसतं.

चित्रपटांच्या इतिहासात इतकी मोठी कालउडी क्वचितच कुणी घेतली असेल. पण ते हाड कुब्रिक आणि त्यांचे सहलेखक आर्थर सी. क्लार्क यांच्या कल्पनेतून आलेलं नव्हतं. ते आलं होतं दक्षिण आफ्रिकेतल्या चुनखडीच्या खाणींमधून.

१९२४मध्ये ताउंग इथल्या खाणीत एका बालकाची कवटी सापडली. जोहान्सबर्गमधले शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक रेमंड डार्ट यांनी ती दगडातून मोकळी केली आणि पुढच्या वर्षी 'नेचर'मध्ये नव्या प्रजातीची घोषणा केली : ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकानस. मेंदू वानराएवढा, पण मज्जारज्जूचं छिद्र कवटीच्या तळाशी पुढे सरकलेलं. याचा अर्थ, हा जीव दोन पायांवर चालत होता. अनेक वर्षं त्यांचं कुणी ऐकलं नाही, पण हे निदान अचूक होतं.

पुढे माकापान्सगाटच्या गुहेत प्राण्यांच्या हाडांचे हजारो तुकडे मिळाले. त्यांत काही ठरावीक हाडंच फार मोठ्या संख्येनं होती. डार्ट यांना वाटलं, ती मुद्दाम निवडून आणलेली असणार. लांब हाडांचे सोटे, जबड्यांच्या करवती, शिंगांचे भाले. शिकार आणि हत्या यांतूनच वानराचा माणूस झाला, असा सिद्धान्त त्यांनी १९५३मध्ये मांडला. नाटककार रॉबर्ट आर्ड्री यांनी १९६१च्या 'आफ्रिकन जेनेसिस' या पुस्तकातून तो घरोघरी पोचवला. '२००१'च्या कथेवर काम सुरू असताना, १९६४मध्ये, क्लार्क यांनी ते पुस्तक वाचलं. दुसऱ्या महायुद्धाचे घाव ताजे होते, अणुबॉम्बची भीती डोक्यावर होती. माणूस जन्मतःच खुनी आहे, हे त्या पिढीला चटकन पटलं.

हा सिद्धान्त मोडून काढणाऱ्या माणसाची गोष्ट मला चित्रपटाइतकीच थरारक वाटते. त्यांचं नाव चार्ल्स किंबर्लिन ब्रेन, प्रिटोरियाच्या संग्रहालयातले संशोधक. ते नामिब वाळवंटातल्या वस्त्यांवर गेले आणि तिथे खाऊन टाकलेल्या शेळ्यांची हाडं गोळा करू लागले. माणसांनी मांस खाल्लं होतं, उरलेलं कुत्र्यांनी चघळलं होतं. हाडांचे मऊ भाग नाहीसे झाले होते, टणक भाग शिल्लक होते. ब्रेन यांनी ते मोजले, तेव्हा माकापान्सगाटमध्ये दिसलेलंच प्रमाण समोर आलं. हाडं कुणी निवडली नव्हती. जी टिकण्यासारखी होती, ती टिकली होती.

मग दक्षिण आफ्रिकेतली स्वार्टक्रान्सची गुहा. तिथे मिळालेल्या, कोवळ्या वयाच्या एका वानरमानवाच्या कवटीला मागच्या बाजूला दोन भोकं आहेत. ब्रेन यांनी बिबट्याच्या खालच्या जबड्यातले दोन सुळे त्यांवर धरून पाहिले. अंतर जुळलं. बिबट्या शिकार झाडावर ओढून नेतो. त्या कोरड्या मुलखात झाडं उगवतात ती गुहांच्या तोंडाशी, कारण ओल तिथेच असते. वर मेजवानी झाली की हाडं खाली गुहेत पडणार. १९८१मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नावच विचारतं, आपले पूर्वज शिकारी होते की शिकार? पुढे ताउंगच्या बालकाचाही उलगडा झाला. ली बर्जर आणि रॉन क्लार्क यांनी १९९५मध्ये सुचवलं की ते मोठ्या गरुडाचं भक्ष्य असावं. २००६मध्ये बर्जर यांनी कवटीच्या डोळ्यांच्या खोबणीतले ओरखडे दाखवले. आफ्रिकेतले गरुड माकडांना मारतात तेव्हा अगदी अशाच खुणा उमटतात.

हे सगळं वाचून '२००१'चा तो पहिला भाग पुन्हा पाहावा. हाड उचललं जाण्याच्या बरंच आधी एक बिबट्या झेप घेतो आणि टोळीतल्या एकाला लोळवतो. रात्री गुरगुरणं ऐकत सगळे एकमेकांना चिकटून बसतात. त्यांचे डोळे उघडे असतात. विज्ञानाच्या कसोटीला त्या प्रकरणातलं सर्वांत जास्त उतरणारं काही असेल, तर ती रात्र. (हाडानं मारले जाणारे टॅपिर मात्र आफ्रिकेतले नव्हेत.) क्रमही उलटा आहे. चित्रपटात आधी डोक्यात प्रकाश पडतो, मग बाकी सगळं घडतं. जीवाश्म सांगतात, आधी पाय बदलले. टांझानियात लेटोलीला राखेत उमटलेली दोन पायांची पावलं सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची आहेत. केनियातल्या लोमेक्वीची दगडी हत्यारं ३३ लाख वर्षांपूर्वीची. मेंदू फुगायला लागला तो त्यानंतर कितीतरी काळानं.

शिळा पाठवणारे कोण होते, हे कुब्रिक सांगत नाहीत आणि म्हणूनच ती शिळा अजून गूढ वाटते. नंतरच्या चित्रपटांनी एवढा संयम पाळला नाही. रिडली स्कॉट यांच्या 'प्रोमेथियस'मध्ये (२०१२) एक परग्रहवासी धबधब्याकाठी स्वतःचं शरीर विरघळवून पृथ्वीवर जीवन पेरतो आणि पुढे त्याचा डीएनए माणसाच्या डीएनएशी तंतोतंत जुळतो. इथे विज्ञानाला थांबावं लागतं. आपल्या गुणसूत्रांच्या २३ जोड्या आहेत, चिम्पांझींच्या २४. आपलं दुसरं गुणसूत्र म्हणजे त्यांच्याकडे अजून सुट्या असलेल्या दोन गुणसूत्रांचा सांधा आहे आणि त्या जोडाची खूण आजही दिसते. क जीवनसत्त्व बनवणारं जनुक आपल्यात बिघडलेलं आहे, तसंच ते वानरांतही बिघडलेलं आहे. आपण वेगळे पेरले गेलो असतो, तर त्यांचा हा बिघाड आपल्याकडे कशाला आला असता?

पेरणीची कल्पना मात्र टाकाऊ नाही. फ्रान्सिस क्रिक आणि लेस्ली ऑर्गेल या शास्त्रज्ञांनी १९७३मध्ये ती गंभीरपणे मांडली होती, पण सूक्ष्मजीवांपुरती. आपल्या जयंत नारळीकरांनी तर ती आभाळात जाऊन तपासली. हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांनी ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली. तिच्यात मिळालेल्या जिवाणूंची तपासणी हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत झाली. तीन नव्या प्रजाती निघाल्या. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्या नावावरून त्यांतल्या एकीला 'जॅनिबॅक्टर हॉयली' म्हटलं गेलं. हे जीव बाहेरूनच आले असं यातून सिद्ध होत नाही, हेही इस्रोनं २००९च्या घोषणेत तेवढ्याच स्पष्टपणे सांगितलं.

'२००१'च्या शेवटी अंतराळवीर बोमनचं रूपांतर तारकाशिशूत होतं. एकच माणूस, एकच झेप. अंतराळपटांचा हा सर्वांत आवडता आणि सर्वांत चुकीचा समज. उत्क्रांती एका शरीरात होत नाही. ती पिढ्यांमध्ये, लोकसमूहात होते. स्कॉट केली अंतराळ स्थानकात ३४० दिवस राहून २०१६मध्ये परतले, तेव्हा पृथ्वीवर राहिलेल्या जुळ्या भावाशी त्यांची तुलना झाली. पुढे काही बातम्यांनी त्यांचा सात टक्के डीएनए बदलल्याचं छापून टाकलं. एवढा बदल झाला असता तर ते माणूसच राहिले नसते. प्रत्यक्षात ज्या जनुकांचं काम अंतराळात कमी-जास्त झालं होतं, त्यांतल्या सात टक्क्यांचं तेवढं सहा महिन्यांनंतरही पूर्ववत झालं नव्हतं. जनुकं होती तीच होती.

खरी उत्क्रांती पाहायची तर तिबेटमध्ये पाहावी. विरळ हवेत रक्त घट्ट होऊ न देणारा एका जनुकाचा प्रकार तिथे बहुसंख्यांकडे आहे आणि तो डेनिसोव्हन या लुप्त मानवांकडून आल्याचं २०१४मध्ये दिसून आलं. पण तो सर्वत्र पसरला याचा अर्थ, ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांची मुलं कमी जगली. नैसर्गिक निवडीची ही किंमत कोणताही अंतराळपट दाखवत नाही.

उद्या मंगळावर वस्ती झाली, तर तिथली माणसं प्रत्येक मूल वाचवायची धडपड करतील आणि तेच योग्य असेल. म्हणजे तिथे निवडीपेक्षा योगायोगाचा हात मोठा राहील. प्रशांत महासागरातल्या पिंगेलॅप बेटावर अठराव्या शतकात चक्रीवादळानंतर वीसेक माणसं उरली. त्यांच्यातल्या कुणाकडे संपूर्ण रंगांधत्वाचं जनुक होतं. जगात हा विकार हजारोंत एखाद्याला होतो. आज त्या बेटावर शंभरातल्या पाच ते दहा जणांना रंगच दिसत नाहीत. दिवसाच्या उजेडापेक्षा अंधुक चांदण्यात त्यांची नजर अधिक तयार असते. मंगळवासीयांचे डोळे, कान, रक्त आणि हाडं कशी असतील, हे असंच, पहिल्या काही यानांत कोण कोण बसलं त्यावरून ठरेल.