विळा कधी थांबवायचा?

लखनौहून झाशीला जाताना गवत बदलत जातं. गंगेच्या गाळाच्या मैदानातली मुंज आणि कास अशी उंच, खरबरीत गवतं मागे पडतात. बुंदेलखंडाच्या उथळ, मुरमाड जमिनीवर पवना, मारवेल, कुसळी ही आपल्या माळावरचीच मंडळी भेटू लागतात. पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ साली देशभरातल्या गवतांची जी विभागणी मांडली, तिच्यात बुंदेलखंड आणि महाराष्ट्राचं पठार एकाच पट्ट्यात येतात. झाशीला १९६२ पासून भारतीय गवताळ कुरणे व चारा संशोधन संस्था आहे. तिथलं काम आपल्या कुरणांना जवळचं आहे ते यामुळेच.

माळ सुधारायचा तर बी हवं. ते मिळत नाही, कारण गवत बी धरण्याआधीच आपण कापतो किंवा चारतो. यात शेतकऱ्याची चूक नाही. जनावराला गवत हवं असतं ते फुलोऱ्याच्या आधीचं. तेव्हा त्यात साधारण ७-८ टक्के प्रथिनं असतात. बी झडून गवत वाळलं की ती ३ टक्क्यांच्या आसपास येतात. गुरांच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांना नीट काम करायला ७ टक्के तरी लागतात. म्हणजे बियाण्यासाठी राखलेलं गवत पोट भरतं, पण दूध वाढवत नाही.

तरीही एकाच वाफ्यातून दोन्ही थोडंथोडं साधता येतं, कारण गवताचा वाढीचा कोंब पावसाळ्याच्या पूर्वार्धात बुडख्यात, जमिनीलगत असतो. चार बोटं ठेवून कापलं तर त्याला धक्का लागत नाही, उलट फुटवे वाढतात. पुढे दिवस आखूड होऊ लागले की हाच कोंब पानं काढणं थांबवतो, तुरा घडवू लागतो आणि दांड्याबरोबर वर चढतो. त्यानंतर विळा फिरला तर तुरा जातो, आणि नव्या फुटव्यांना बी भरण्याइतकी ओल मागे राहत नाही. सगळा हिशेब शेवटच्या कापणीच्या तारखेचा आहे. आपल्याकडे पावसाच्या भरवशावरच्या कुरणात पोळ्याच्या सुमारास विळा थांबवावा, असं माझं मत आहे.

खरी कसोटी त्यापुढे. ज्वारीचं कणीस एकदम पिकतं, गवताचा तुरा तसा पिकत नाही. गिनी गवतात वरचे दाणे पिकून गळतात तेव्हा खालचे अजून हिरवे असतात. शिवाय सगळे फुटवे एका वेळी निसवत नाहीत. कापणीचा कोणताही दिवस निवडा, काही बी मातीत गेलेलं असतं आणि काही कच्चं असतं. थायलंडच्या लहान शेतकऱ्यांनी यावर कष्टाचा पण उत्तम मार्ग काढला आहे. ते शेजारशेजारचे तुरे एकत्र बांधतात आणि दर थोड्या दिवसांनी नायलॉनच्या जाळीत हलकेच झटकतात. पिकलेलं बी तेवढं पडतं, बाकीचं झाडावरच भरत राहतं. आपल्या बचत गटांना हे सहज जमेल.

निसर्गाने इथे एक मोठी सोयही करून ठेवली आहे. अंजन आणि गिनी या गवतांचं बी बहुतांशी फलनाशिवायच तयार होतं. त्यामुळे ते आईच्याच वाणाचं निघतं आणि घरचं बी वर्षानुवर्षं वापरलं तरी वाण बिघडत नाही. बाजरी-नेपियर संकराचं नेमकं उलटं. बाजरीची गुणसूत्रं १४, नेपियरची २८, संकराची २१. ही विषम संख्या जोड्यांत बसत नाही, बी धरत नाही, म्हणून त्याची कांडी किंवा ठोंबच लावावे लागतात. बांधावर ते ठीक आहे, पण शेकडो एकरांचा माळ ठोंबांनी कोण लावणार?

गावाच्या कुरणाचा चौथा हिस्सा दरवर्षी पाळीपाळीने बियाण्यासाठी राखावा. उरलेल्या तीन हिश्श्यांत नेहमीसारखी वैरण कापावी. राखलेल्या पट्ट्यात दिवाळीच्या आसपास बी झटकून घ्यावं आणि मग उभी काडी कापून सुक्या वैरणीत घालावी. असं राखलं नाही आणि पवना-मारवेल बी धरण्याआधीच सतत ओरबाडले गेले, की जागा कुसळीला मिळते. तिचं कुसळ ओल लागली की पिळा सोडत फिरतं आणि दाण्याला मातीत रोवतं. मेंढीच्या कातडीत घुसतं तेही तसंच.

बी विकत घ्यायचं असेल तर चिमूटभर तळहातावर चोळून फुंकर मारावी. पुष्कळदा नुसता भुसाच उडतो. खाली चकचकीत दाणे राहिले तरच पैसे द्यावेत. अंजनाचं ताजं बी सुप्तावस्थेत असतं, लगेच नीट उगवत नाही, म्हणून मागल्या हंगामातलं बी मागून घ्यावं.