डाकोटाचं डावं दार

डाकोटा आपल्या ओळखीचं विमान. 27 ऑक्टोबर 1947 रोजी शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरले ते याच विमानातून. व्हिएतनाममध्ये अमेरिकी हवाई दलाने या मालवाहू विमानाला डाव्या अंगाने तीन मिनीगन बसवल्या आणि डिसेंबर 1964 मध्ये ते लढाईत उतरवलं. नाव दिलं एसी-47. एकेक बंदूक मिनिटाला 6000 गोळ्या झाडू शके.

बंदुका जागच्या हलत नसत, म्हणून नेम धरायचा तो अख्ख्या विमानाने. वैमानिक डाव्या खिडकीशी लावलेल्या नेमयंत्रातून खाली बघत डावा पंख कलता ठेवायचा आणि साधारण 3000 फुटांवरून घाण्याच्या बैलासारखा लक्ष्याभोवती फिरत राहायचा. वेग जेमतेम 120 नॉट. जेट विमानं बॉम्ब टाकून क्षणात निघून जात. हे तासन्‌तास डोक्यावर थांबे. माझ्या मते त्याची खरी ताकद गोळ्यांपेक्षा या थांबण्यात होती. वेढा पडलेल्या ठाण्यातल्या सैनिकांना वर इंजिनांची घरघर ऐकू आली की सकाळ दिसेल असा भरवसा वाटे. विमानातून टाकलेल्या फ्लेअरच्या उजेडात हल्लेखोरांना अंधाराचा आडोसाच उरत नसे. पण हाच संथपणा लाओसवर महागात पडला. तिथे विमानविरोधी तोफांनी अनेक एसी-47 पाडली आणि 1966 मध्येच त्यांना तिथून हलवावं लागलं.

संग्रहालयातल्या डाकोटात मी मागच्या डाव्या दाराशी उभा राहिलो आहे. विमान डावीकडे कललं, की फरशीचा उतार थेट या दाराकडे. इथेच लोडमास्टर, म्हणजे विमानातल्या मालाची व्यवस्था पाहणारा सैनिक, प्रकाश देणारे फ्लेअर तयार करून तोफचीच्या हाती द्यायचा. एकेक सुमारे 12 किलोंचा. पिन ओढून बाहेर टाकला की पॅराशूटला लटकत दोन-तीन मिनिटं रान उजळून टाकायचा.

24 फेब्रुवारी 1969 च्या रात्री लाँग बिन्हजवळ अशाच एका विमानाच्या उजव्या पंखावर उखळी तोफेचा गोळा फुटला. तोफचीच्या हातातला फ्लेअर पिन निघालेल्या अवस्थेत आत पडला आणि दारूगोळ्याच्या पेट्यांमध्ये गडगडू लागला. काही सेकंदांत तो पेटणार होता. लोडमास्टर जॉन लेविटो 23 वर्षांचा. अंगात 40 च्या वर तुकडे घुसलेले, उजवा पाय निकामी. फ्लेअर हाती लागेना, तेव्हा त्याने त्यावर अंग झोकून दिलं, तो छातीशी धरून दारापर्यंत सरपटला आणि बाहेर ढकलला. दाराबाहेर पडतोय तोच फ्लेअर पेटला. हे वाचताना मला दर वेळी त्या उतरत्या फरशीची आठवण होते, आणि त्या पोराने तेवढं अंतर कसं कापलं असेल याचा अंदाजच येत नाही.

वैमानिकाने विमान बिएन होआच्या तळावर सुखरूप उतरवलं. विमानाच्या अंगावर 3500 हून जास्त भोकं होती. लेविटो बरा होऊन पुन्हा उड्डाणांवर रुजू झाला. 1970 मध्ये त्याला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.