वॉच वाइंडर

वॉच वाइंडर हे स्वयंचलित मनगटी घड्याळ हातात नसताना ते हळूहळू फिरवत ठेवून त्याला चावी देत राहणारे विद्युत उपकरण होय. बाहेरून ते काचेचे झाकण असलेल्या लहान पेटीसारखे दिसते. पेटीतील गोल खाचेत मऊ उशीवर घड्याळ बसवतात आणि मागची छोटी मोटर ती उशी ठरावीक वेळाने फिरवते. घड्याळाला या पेटीतून वीज मिळत नाही. ते चालते आपल्याच स्प्रिंगवर. वाइंडर केवळ मनगटाच्या हालचालीची जागा घेतो. त्यामुळे वाइंडर निवडताना आधी घड्याळाच्या आतील यंत्राची गरज कळावी लागते. पेटीचे लाकूड, काच व दिवे यांचा विचार नंतरचा. विक्रेत्यांच्या जाहिरातींत मात्र हा क्रम बहुधा उलटा आढळतो.

स्वयंचलित घड्याळाची चावी

यांत्रिक घड्याळात ऊर्जा साठवली जाते ती एका डबीत गुंडाळलेल्या मुख्य स्प्रिंगमध्ये. साध्या यांत्रिक घड्याळाला रोज ठरल्या वेळी बटण फिरवून चावी द्यावी लागते. स्वयंचलित घड्याळात हेच काम रोटर करतो. रोटर म्हणजे यंत्राच्या मागील बाजूस मध्यभागी अडकवलेले, मोकळे फिरणारे अर्धवर्तुळाकार वजन. हात हलला की गुरुत्वाकर्षणामुळे हे वजन खालच्या बाजूस येऊ पाहते आणि त्या फिरण्याने दंतचक्रांमार्फत स्प्रिंग गुंडाळली जाते.

या रचनेचे श्रेय सामान्यतः स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल येथील अब्राहम-लुई पेरेले यांना दिले जाते. त्यांचे काम १७७० च्या दशकातले आहे. ते घड्याळ खिशातले होते. खिशातील घड्याळ फारसे हलत नसल्याने ही कल्पना दीर्घकाळ अपवादात्मकच राहिली. मनगटी घड्याळे रूढ झाल्यावर इंग्रज घड्याळकार जॉन हारवुड यांनी १९२४ साली स्वयंचलित मनगटी घड्याळाचे स्विस पेटंट मिळवले. त्यातील वजन पूर्ण फेरी न मारता दोन्ही टोकांना आपटून परत येई. पूर्ण ३६० अंशांत फिरणारा रोटर रोलेक्सने १९३१ साली आणला आणि आजची बहुतेक स्वयंचलित घड्याळे त्याच पद्धतीची आहेत.

पूर्ण चावी मिळालेले घड्याळ हालचालीविना जितका काळ चालते, त्याला त्याचा ऊर्जासाठा म्हणतात. अनेक प्रचलित यंत्रांत तो सुमारे ४० तासांचा असतो. स्वॉच समूहाच्या पॉवरमॅटिक ८० या यंत्रात, नावाप्रमाणे, तो ८० तासांचा आहे. हा फरक व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता पूर्ण चावी असलेले घड्याळ काढून ठेवले, तर ४० तासांच्या साठ्याचे घड्याळ रविवारी सकाळी ११ च्या सुमारास थांबेल. ८० तासांचे घड्याळ मात्र मंगळवारी पहाटे ३ पर्यंत चालेल, म्हणजे सोमवारी कामावर जाताना ते चालूच सापडेल.

वाइंडरची गरज कोणाला?

एकच स्वयंचलित घड्याळ असून ते रोज वापरणाऱ्यास वाइंडरचा काहीही उपयोग नाही. क्वार्ट्झ घड्याळ बॅटरीवर चालते, त्यालाही नाही. हाताने चावी देण्याच्या घड्याळात रोटरच नसतो. ते पेटीत कितीही फिरवले तरी स्प्रिंग गुंडाळली जात नाही. भारतीय वाचकांनी ही बाब विशेष ध्यानात ठेवावी. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच.एम.टी.ने १९६१ पासून बंगळूर येथे घड्याळे बनवली. त्यांपैकी घरोघरी जपलेली ‘जनता’ आणि ‘पायलट’ ही चावीची घड्याळे आहेत. ‘कांचन’ हे स्वयंचलित. आजोबांच्या ‘जनता’साठी वाइंडर भेट देणे म्हणजे सायकलीसाठी पेट्रोल विकत घेण्यासारखे आहे.

दोन-तीन स्वयंचलित घड्याळे आलटून पालटून वापरणाऱ्यास वाइंडर ही सोय आहे, गरज नव्हे. थांबलेले घड्याळ बटणाच्या २०-३० फेऱ्यांनी सुरू करून वेळ लावायला दोन मिनिटे लागतात. तारखेबाबत एक पथ्य मात्र पाळावे लागते: काटे रात्री ९ ते पहाटे ३ या दरम्यान असताना तारीख बटणाने बदलू नये. अनेक यंत्रांत त्या वेळी तारखेची चक्रे आधीच एकमेकांत गुंतलेली असतात आणि त्यांचे दाते दुखावू शकतात. काटे प्रथम सहाच्या आसपास आणून मग तारीख बदलणे सुरक्षित.

वाइंडरची खरी उपयुक्तता दिसते ती गुंतागुंतीच्या दिनदर्शिकेच्या घड्याळांत. शाश्वत दिनदर्शिकेचे घड्याळ ३०-३१ दिवसांचे महिने व लीप वर्षे स्वतः ओळखते. २१०० हे वर्ष लीप नसल्याने त्या वर्षापर्यंत त्यात हाताने दुरुस्ती करावी लागत नाही. कुर्ट क्लाउस यांनी आय.डब्ल्यू.सी.साठी विकसित केलेले १९८५ चे ‘दा विंची’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यात दिवस, तारीख, महिना आणि चंद्रकला सर्व एकाच बटणाने पुढे सरकतात, मागे येत नाहीत. असे घड्याळ काही आठवडे बंद राहिले तर तितके दिवस एकेक करून पुढे न्यावे लागतात, आणि चुकून एक दिवस पुढे गेल्यास तो दिवस उजाडेपर्यंत घड्याळ थांबवून ठेवणे हा सरळ उपाय उरतो.

‘घड्याळ बंद ठेवले की आतील तेल घट्ट होते, म्हणून ते सतत चालू हवे’ असे सांगून पुष्कळ वाइंडर विकले जातात. एके काळी घड्याळाचे तेल पॉरपॉइज या सागरी सस्तन प्राण्याच्या जबड्यापासून काढत, आणि अशी नैसर्गिक तेले कालांतराने घट्ट होत. आजच्या कृत्रिम तेलांना हा युक्तिवाद तितकासा लागू पडत नाही. उलट, चालू घड्याळातील चक्रे, आस आणि रोटरचे बेअरिंग झिजत असतात. वर्षातून चार वेळा वापरायचे घड्याळ वर्षभर फिरवत ठेवले तर त्याची झीज रोजच्या वापराइतकी होते. जुन्या घड्याळाचे सुटे भाग मिळणे कठीण असेल तर हा विचार अधिक गंभीर होतो. एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. त्यामुळे जुन्या ‘कांचन’ला वाइंडरवर ठेवण्यापेक्षा अधूनमधून हाताने चालवून पुन्हा विसावू देणे अधिक शहाणपणाचे.

दुसरी बाजूही आहे. पाणबुडी प्रकारच्या घड्याळांत बटण आट्यांनी घट्ट बसवलेले असते. ते वारंवार उघडल्याने आटे व पाणीरोधक रबरी चकती झिजते. अशी घड्याळे सतत आलटून पालटून वापरणाऱ्यास वाइंडर उपकारक ठरतो.

फेऱ्यांची संख्या

वाइंडरच्या वर्णनातील सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे दिवसाकाठी होणाऱ्या फेऱ्या. बहुसंख्य यंत्रांना ६५० ते ८०० फेऱ्या पुरतात. काहींना कमी, तर काहींना हजाराच्या आसपास लागतात. मिनिटाला १० फेऱ्यांच्या गतीने ६५० फेऱ्या अवघ्या ६५ मिनिटांत पुऱ्या होतात. म्हणूनच चांगला वाइंडर अखंड फिरत नाही. थोडा वेळ फिरून बराच वेळ विश्रांती घेतो. ज्यात फेऱ्यांची संख्या ठरवण्याची सोयच नाही, तो कितीही देखणा असला तरी टाळावा.

फेऱ्या जास्त झाल्या तर स्प्रिंग तुटेल ही भीती अनाठायी आहे. स्वयंचलित घड्याळात मुख्य स्प्रिंगचे बाहेरचे टोक डबीला पक्के बांधलेले नसते. पूर्ण ताण आला की ते डबीच्या भिंतीवरून घसरते. परंतु सतत घसरत राहिल्याने त्या भिंतीवरील वंगण व धातू झिजतो. यास्तव घड्याळ चालू ठेवण्यापुरत्या किमान फेऱ्या हाच योग्य आकडा होय.

तो घरीच काढता येतो. घड्याळाला पूर्ण चावी देऊन वाइंडरवर सर्वांत कमी फेऱ्यांवर ठेवावे आणि किमान तीन-चार दिवस पाहावे. एका दिवसात निष्कर्ष काढू नये, कारण तेव्हा घड्याळ आधीच्या साठ्यावरच चालत असते. मध्येच ते थांबले, तर सुमारे १०० फेऱ्या वाढवून पुन्हा तपासावे. ऊर्जासाठा ७०-८० तासांचा असेल तर निरीक्षण आठवडाभर करावे.

दिशा

काही यंत्रांत रोटर दोन्ही दिशांना फिरताना चावी देतो, काहींत एकाच दिशेने. ई.टी.ए. २८२४-२ आणि सेइकोचे एन.एच.३५ ही दुहेरी दिशेची, तर क्रोनोग्राफ घड्याळांत सर्रास आढळणारे व्हॅल्जू ७७५० एकाच दिशेचे. दुसऱ्या दिशेने त्याचा रोटर मोकळाच गरगरतो आणि त्याचा थरार मनगटालाही जाणवतो.

समजा, घड्याळाला एका दिशेच्या ८०० फेऱ्या हव्यात आणि वाइंडर दोन्ही दिशा मिळून ८०० फेऱ्या देतो. घड्याळाच्या पदरात केवळ ४०० पडतात व काही दिवसांनी ते थांबते. मालक घड्याळ बिघडले असे समजून दुरुस्तीला नेतो. दोष असतो पेटीचा. म्हणून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, उलट दिशेने आणि आलटून पालटून, असे तिन्ही पर्याय वाइंडरमध्ये असावेत.

‘काट्यांच्या दिशेने’ हे शब्दही नीट समजून घ्यावे लागतात. वाइंडरची दिशा तबकडीकडून पाहून सांगतात, रोटरची मात्र घड्याळाच्या पाठीकडून. घड्याळ समोरून काट्यांच्या दिशेने फिरते तेव्हा रोटर जड असल्याने खालीच लोंबत राहतो, म्हणजे घड्याळाच्या सापेक्ष समोरून पाहता तो उलट फिरतो. तीच हालचाल पाठीकडून पाहिली की पुन्हा काट्यांच्या दिशेची दिसते. दोनदा उलटल्यामुळे दोन्ही वर्णने जुळतात: पाठीकडून काट्यांच्या दिशेने चावी देणाऱ्या रोटरला वाइंडरही काट्यांच्या दिशेनेच फिरणारा लागतो.

येथूनच आणखी एक कसोटी निघते. घड्याळ आडवे निजवून फिरवले तर गुरुत्वाकर्षण रोटरला कोणत्याही एका बाजूस ओढत नाही. तो घड्याळाबरोबरच फिरतो आणि चावी मिळत नाही. उशी उभी किंवा पुरेशी कललेली असणे आवश्यक आहे.

मोटर आणि इतर बाबी

मोटरमध्ये चुंबक असतो. घड्याळातील बॅलन्सचक्राची अतिशय बारीक स्प्रिंग चुंबकित झाल्यास तिचे वेढे परस्परांना चिकटतात आणि घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटे पुढे जाऊ लागते. आयएसओ ७६४ या मानकानुसार चुंबकरोधक म्हणवणाऱ्या घड्याळाने ४,८०० अँपिअर प्रति मीटर एवढे क्षेत्र सोसले पाहिजे; जुन्या घड्याळांकडून तशी अपेक्षा करता येत नाही. मोटर आवरणात बंदिस्त असलेला किंवा उशीपासून दूर असलेला वाइंडर घ्यावा. पेटीजवळ साधे होकायंत्र नेऊन उशीच्या जागी सुई किती ढळते हे पाहिल्यास ढोबळ अंदाज येतो.

पेटी शयनगृहात ठेवायची असल्यास आवाज रात्रीच्या शांततेत ऐकून पाहावा. परदेशातून आणलेल्या वाइंडरचा अडॅप्टर ११० व्होल्टचा नाही ना, हे भारतातील २३० व्होल्टच्या पुरवठ्याला जोडण्यापूर्वी तपासावे. उशी मनगटाच्या मापाची असावी; लहान उशीवर धातूचा जड पट्टा सैल बसतो व फेरीगणिक घड्याळ घसरते. एकाच पेटीत अनेक घड्याळे ठेवायची असतील तर प्रत्येक खाचेची दिशा व फेऱ्या स्वतंत्रपणे ठरवता येणे आवश्यक आहे, अन्यथा ७७५० आणि २८२४ यांना एकाच तालावर फिरावे लागते.