उंबऱ्याच्या आतला हक्क

कोल्हापुरात राज्यघटनेची कलमं २५ आणि २६ शिकवणाऱ्याला उदाहरणं दिल्लीहून आणावी लागत नाहीत. सव्वाशे वर्षांत ती इथेच घडली आहेत.

सुरुवात घटनेच्या अर्धशतक आधीची. १८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात. सोबतचा भटजी वेदोक्त म्हणजे वेदांतले मंत्र सोडून पुराणोक्त मंत्र म्हणतोय, हे संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवतांच्या लक्षात आलं. जाब विचारला तर उत्तर तयार होतं : शूद्राला वेदोक्ताचा अधिकार नाही. राजघराण्याचे पुरोहित राजोपाध्येही हटेनात; १९०२ मध्ये त्यांची इनामं जप्त झाली. १९२० मध्ये महाराजांनी क्षात्रजगद्गुरूचं पीठच उभं केलं आणि त्यावर सदाशिवराव बेनाडीकरांना बसवलं. देव मानायचा की नाही, हा वादच नव्हता. देवापुढे कोणी कसं उभं राहायचं हे कोण ठरवणार, एवढाच प्रश्न होता.

घटनेनं तोच प्रश्न दोन कलमांत मांडला. २५ व्यक्तीला स्वातंत्र्य देतं, २६ संप्रदायाला. आणि हिंदू मंदिरं सर्व वर्गांना खुली करण्याची मुभा २५ मध्येच सरकारला आहे. १९५४ च्या शिरूर मठ निकालानं धर्माचा ‘अत्यावश्यक’ भाग कोणता, ही कसोटी आणली. १९६६ मध्ये मूळ सातारचे असलेले सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्यापुढे स्वामीनारायण सत्संगींचा दावा आला : आम्ही हिंदू नाही, मंदिरप्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नाही. तो फेटाळला गेला.

हा प्रश्न कोल्हापूरच्या अंबाबाईच्या गाभाऱ्यापर्यंत यायला पुढे पन्नास वर्षं गेली. १ एप्रिल २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं स्त्रियांचा मंदिरप्रवेश हा मूलभूत हक्क म्हटला. १३ एप्रिलला कार्यकर्त्या तृप्ती देसाई सलवार-कमीज घालून अंबाबाईच्या मंदिरात आल्या. गाभाऱ्यात साडीच हवी, असा आग्रह होता. धक्काबुक्की झाली, पण त्या आत गेल्या. पुढच्या वर्षी देवीला घागरा-चोली नेसवली आणि शहर तिच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांवर, म्हणजे श्रीपूजकांवर उलटलं. त्यातून २०१८ चा पगारी पुजाऱ्यांचा कायदा आला. वंशपरंपरेचा असला तरी पुजारी नेमणं हे लौकिक काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्येच सांगून ठेवलं होतं.

‘अत्यावश्यक काय’ असं विचारलं की न्यायाधीशाला शास्त्री व्हावं लागतं. कोल्हापूरचा प्रश्न साधा आहे : कोण कोणाला अडवतंय आणि कशाच्या जोरावर? ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथेच बसतं. पुढच्या वादात हा प्रश्न मांडायला वकिलांना आता मुंबई गाठावी लागणार नाही.