कझाख मुलगा मोठा केव्हा होतो?

हातावर सोनेरी गरुड, डोक्यावर केसाळ टोपी, मागे बर्फाळ डोंगर. कझाख तरुण म्हटलं की हाच फोटो आठवतो, आणि गरुडाकडून शिकार करवली की मुलगा पुरुष ठरतो, असं बिनदिक्कत सांगितलं जातं. तसं काही नाही. गरुड पाळणारा ‘बुर्कितशी’ म्हणजे खास विद्येचा माणूस. ती विद्या मोजक्याच घरांत टिकली आहे. यातले बरेच फोटो तर पश्चिम मंगोलियातल्या बायन-उल्गी प्रांतातल्या कझाखांचे असतात.

मुलाला मोठं करतो तो घोडा. पाच-सात वर्षांच्या पोराला ‘अशामाय’वर बसवतात. हे मुलांसाठीचं लाकडी खोगीर. पुढे-मागे उंच आधार असतो, रिकीब नसते. दृष्ट लागू नये म्हणून टोपीला घुबडाची पिसं लावतात, हातात छोटा चाबूक देतात. वडीलधारे ‘बाता’, म्हणजे आशीर्वाद देतात, बायका मिठाई उधळतात आणि बाकीची पोरं ती वेचायला धावतात. पुढे तो पहिल्यांदा एकटा लांबच्या वाटेला निघतो, तेव्हा ‘तोकिमकागार’ होतो. तोकिम म्हणजे खोगिराखालचं जाड कापड. घरचे लोक जमवतात, जेवण घालतात, पोरगा सुखरूप परत यावा म्हणून शुभचिंतन करतात. मला हा प्रसंग सगळ्यांत हृद्य वाटतो.

सुंता झाली की मुलगा पुरुष झाला, हेही खरं नाही. ती बहुधा पाचव्या किंवा सातव्या वर्षी होते.

जास्त घोळ होतो तो तेराच्या आकड्याचा. तेराव्या वर्षी मुलगा घरधनी होतो, अशा अर्थाची कझाख म्हण आहे. पूर्वी लग्नं लवकर होत, पण या आकड्यामागे ‘मुशेल’ हे 12 वर्षांचं चक्र आहे. पोटातला काळही वयात धरत असल्याने पहिलं मुशेल 13व्या वर्षी येतं, मग 25, 37, 49. ही वर्षं जोखमीची मानतात. आज लग्नाचं कायदेशीर वय साधारणपणे 18 आहे.

आणि मुलगी पळवून आणणं हा मर्दानगीचा जुना संस्कार आहे, हा समज तर घातकच. रीतीचं लग्न मागणी घालूनच होई. सात पिढ्यांच्या आत नातं निघालं तर ते मोडे. जबरदस्तीने पळवणं हा आज गुन्हा आहे.

लग्नानंतर थोरल्या मुलांना बाप गुरांचा वाटा, ‘येन्शी’, देऊन वेगळा तंबू उभारून देतो. बापाचं घर धाकट्याकडे जातं. त्या घराला ‘कारा शांगिराक’ म्हणतात, आणि थोरले भाऊ कितीही मोठे झाले तरी तिथे मान राखूनच येतात.